'वर्णन आहे, मांडणी नाही' या शेऱ्याचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. एका विद्यार्थिनीला ३,००० शब्दांचा शोधनिबंध लिहायचा आहे, विद्यापीठात पहिल्यांदाच. विषय तिनेच निवडला: १८५४ सालची लंडनमधली कॉलऱ्याची साथ आणि डॉक्टर जॉन स्नो. दोन आठवडे वाचन झालं, पाच पानं लिहून झाली. मार्गदर्शकांनी समासात लिहिलं, 'वर्णन आहे, मांडणी नाही. थीसिस काय?' तिचं म्हणणं, 'जे वाचलं ते सगळं लिहिलंय, आता आणखी काय मांडू?' हातात चार आठवडे आहेत.

हा शेरा मी विद्यार्थी असताना खाल्ला आहे आणि पुढे वीसेक वर्षं इतरांच्या समासात लिहितही आलो आहे. तेव्हा आधी हे सांगतो, की तो अपमान नव्हे. तुमच्याकडे माहिती आहे, पण तिच्या बळावर तुमचं म्हणणं काय ते दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

'थीसिस' या शब्दानेच निम्मा घोळ होतो. आपल्याकडे थीसिस म्हटलं की पीएच.डी.चं जाडजूड बाड डोळ्यांसमोर येतं. तुमचे मार्गदर्शक मागताहेत ते एक वाक्य, फार तर दोन. मी त्याला प्रतिपाद्य म्हणतो. प्रतिपादन करायचं असतं ते. निबंधातला प्रत्येक परिच्छेद या वाक्याच्या कामाला जुंपलेला असतो. जो जुंपता येत नाही तो कितीही कष्टाने लिहिलेला असला तरी बाहेर जातो.

तुमच्या पाच पानांत असं वाक्य अजिबात नाही असं नाही. पहिल्या पानाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय: 'जॉन स्नो यांनी नकाशाच्या साहाय्याने कॉलरा पाण्यातून पसरतो हे सिद्ध केले आणि आधुनिक साथरोगशास्त्राचा पाया घातला.' हे प्रतिपाद्य आहे का, हे ओळखायची माझी जुनी कसोटी अशी: विषय जाणणारा, शहाणा, भल्या मनाचा एखादा माणूस यावर 'मला नाही पटत' असं म्हणू शकेल का? कोणीच म्हणणार नसेल तर ते पाठ्यपुस्तकातलं वाक्य. आणि पाठ्यपुस्तकातलं वाक्य सिद्ध करायला ३,००० शब्द लागत नाहीत. आता गंमत बघा. तुमच्या वाक्यावर एक माणूस 'नाही पटत' म्हणेल, पण तुम्हाला वाटतं त्या कारणाने नाही. तो म्हणेल, 'नकाशाने सिद्ध केलं, हे कुठून आणलंत?' या प्रश्नाकडे मी परत येतो, कारण तुमचा निबंध तिथेच दडलेला आहे.

विषयापुढे प्रश्नचिन्ह टाकलं म्हणजे प्रश्न तयार होत नाही. 'जॉन स्नो यांचे योगदान काय?' हा अजून विषयच आहे. खरा प्रश्न वाचताना जिथे आपण अडखळतो तिथून निघतो. दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, आपण भुवया उंचावतो आणि पान उलटतो. नवखे लोक ते अडखळणं लपवतात. त्यांना वाटतं आपल्याला समजलं नाही. पान उलटू नका. वहीच्या शेवटच्या पानावर 'जुळत नाही' असं लिहा आणि त्याखाली प्रत्येक अडखळण टिपत जा. इतर कुठल्याही टिपणांपेक्षा हे एक पान मोलाचं असतं.

तुमच्या वाचनात किमान तीन अडखळणी होत्या, आणि तिन्ही तुमच्या पाच पानांत आहेत. त्या एकेका वाक्यात उरकल्या आहेत, इतकंच.

पहिली. लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून रोग पसरतो असं स्नोचं म्हणणं होतं. त्या पंपाचं हँडल ८ सप्टेंबर १८५४ ला काढलं आणि 'साथ आटोक्यात आली' असं तुम्ही लिहिता. पण साथ भडकली ३१ ऑगस्टच्या रात्री, आणि हँडल काढेपर्यंत तिचा जोर आधीच ओसरला होता. लोक घरं सोडून पळाले होते. स्नो स्वतः लिहितो, की रोगी आधीच इतके कमी झाले होते की हँडल काढल्याचा परिणाम किती हे ठरवता येत नाही. नायकच आपल्या विजयाबद्दल शंका घेतो आहे, आणि तुम्ही त्याच्या वतीने टाळ्या वाजवताय.

दुसरी. तो प्रसिद्ध नकाशा, घरोघरचे मृत्यू काळ्या रेघांनी दाखवणारा, छापून आला तो १८५५ मध्ये, स्नोच्या १८४९ च्या पुस्तिकेच्या वाढवलेल्या आवृत्तीत. पाण्याबद्दलचं त्याचं मत १८४९ पासूनच होतं. म्हणजे नकाशा बघून त्याला उत्तर सुचलं, या लोककथेत कालक्रमच उलटा आहे.

तिसरी, आणि सगळ्यात रसाळ. १८५५ मध्ये आरोग्य मंडळाच्या वैज्ञानिक चौकशी समितीने ब्रॉड स्ट्रीटचं प्रकरण तपासलं आणि स्नोचं मत स्वीकारायचं कारण दिसत नाही असा निष्कर्ष काढला. तुम्ही हे 'दुर्दैवाने तत्कालीन तज्ज्ञांनी त्यांचे मत नाकारले' एवढ्यावर सोडून दिलंत. ते 'दुर्दैवाने' खोडा. त्या जागी 'का?' लिहा. हा तुमचा प्रश्न: इतका पुरावा समोर असताना जाणकार माणसांनी तो का नाकारला?

तीनांतून हाच का निवडायचा? पहिल्या अडखळणीचं उत्तर स्नोनेच दिलं आहे. दुसरीचं उत्तर एका तारखेत संपतं. तिसरीला उत्तर द्यायचं तर पुरावा म्हणजे काय, तो कोणाला आणि कधी पटतो, इथपर्यंत जावं लागतं, आणि तरीही ते ३,००० शब्दांत मावतं. एका ओळीत उत्तर मिळणारा प्रश्न फार अरुंद आणि चार खंड लागणारा फार रुंद, मधला पकडायचा.

आता उत्तर. पहिलं उत्तर जवळजवळ नेहमी आळशी असतं, माझंही असतं. इथलं आळशी उत्तर: 'कारण समितीतले लोक जुनाट विचारांचे होते, कॉलरा घाणेरड्या हवेतून होतो ही त्यांची अंधश्रद्धा होती.' ज्या स्पष्टीकरणात भूतकाळातली माणसं मूर्ख ठरतात त्याकडे संशयाने बघा. विल्यम फार यांचंच घ्या. मृत्यूंच्या सरकारी नोंदींचं काम बघणारा हा संख्याशास्त्रज्ञ; स्नोने ज्या नोंदींवरून घरं शोधली त्या याच कार्यालयातल्या. थेम्स नदीपासूनची उंची जितकी जास्त तितके कॉलऱ्याचे मृत्यू कमी, हे नातं १८४८-४९ च्या साथीच्या आकड्यांतून त्याने दाखवलं होतं. सखल भागात दूषित हवा साचते, असा त्याचा अर्थ लावला जाई. आकडे खरे होते. अर्थ चुकला. याच माणसाने १८६६ च्या साथीत पाण्याच्या बाजूने पुरावा उभा केला. अशा माणसाला 'अंधश्रद्ध' म्हणून निकालात काढणारा निबंध वाचकाचा विश्वास दुसऱ्याच पानावर गमावतो.

म्हणून दुसरं उत्तर शोधायचं, आणि त्यासाठी समितीच्या खुर्चीवर बसून तो नकाशा बघायचा. पंपाभोवती मृत्यूंची दाटी दिसते. 'पाणी' म्हणणाऱ्याला तिथे पंप दिसतो. 'हवा' म्हणणाऱ्याला तिथे काय दिसतं? गलिच्छ वस्ती, आणि तिच्या मधोमध घाणीचं केंद्र. नकाशा दोघांच्याही बाजूने साक्ष देतो. तेव्हा प्रतिपाद्याचं दुसरं रूप असं झालं: 'स्नोचा नकाशा समितीला पटला नाही, कारण तो मृत्यू कुठे झाले ते दाखवतो, कशाने झाले ते दाखवत नाही.' बघा, हे वाक्य नाकारता येतं. कोणी म्हणेल, 'स्नोकडे नकाशाखेरीज बरंच काही होतं.' बरोबर. म्हणजे आता वाद सुरू झाला, आणि तुम्हाला कुठे वाचायचं ते कळलं.

स्नोकडे होते अपवाद. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

साथीच्या पहिल्या दिवसांतल्या नोंदींतून त्याने ८३ मृत्यू तपासले. त्यातले फक्त १० जण अशा घरांतले होते जिथून दुसरा पंप स्पष्टपणे जवळ होता. सामान्य माणूस म्हणाला असता, ७३ जुळले, १० नाही जुळले, चालायचंच. स्नो त्या दहांच्या दारात गेला. पाच कुटुंबांनी सांगितलं, आम्ही पाणी मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटवरूनच आणवतो, ते आम्हाला आवडतं. तीन मृत मुलं त्या पंपाजवळच्या शाळेत जात होती. उरले दोन, तेवढे मृत्यू साथ भडकण्याआधीही त्या भागात होतच होते. उलट्या बाजूचे अपवादही तो बघतो. जवळच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांच्या आश्रयगृहात, ५३५ माणसं राहत. भोवतालच्या घरांत मृत्यू चालू असताना तिथे फक्त ५ जण गेले. तिथे आवारातच वेगळी विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार, मृत्यू एकही नाही. त्यांना प्यायला बिअर मिळे. आणि दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा, जिच्या परिसरात साथ नव्हती, कॉलऱ्याने गेली. तिला जुन्या पंपाच्या पाण्याची गोडी होती आणि ते पाणी तिच्याकडे रोज नेलं जाई.

न्यायशास्त्र, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, वाचलेल्या कुणालाही यात अन्वय आणि व्यतिरेक ओळखू येईल. पाणी आहे तिथे मृत्यू, पाणी नाही तिथे मृत्यू नाही. हॅम्पस्टेडची हवा वेगळी आणि पाणी तेच. वर्कहाऊसची हवा तीच आणि पाणी वेगळं. एरवी एकत्र बांधलेल्या दोन कारणांची गाठ या नोंदी सोडवतात. तुमच्या पाच पानांत हे सगळं 'अनेक उदाहरणांतून त्यांनी आपले म्हणणे पटवून दिले' या एका वाक्यात आटपलं आहे. आणि जिथे मांडणीला काही करायचं नव्हतं तिथे, स्नोचं बालपण, शिक्षण, भूलशास्त्रातलं काम, यावर दीड पान गेलंय. शेरा तिथेच का मारला हे आता लक्षात येईल.

एवढ्यावर खूश होऊन प्रतिपाद्याचं तिसरं रूप लिहावंसं वाटतं: 'नकाशाने नव्हे, अपवादांनी स्नोचं म्हणणं सिद्ध केलं.' छान वाक्य आहे. पण समितीला तरीही पटलं नाही, त्याचं काय? मूळ अहवालाकडे जायची वेळ इथे येते. दुय्यम पुस्तकं 'नाकारलं' एवढंच सांगतात. कसं नाकारलं ते मूळ कागद सांगतो. समितीने दूरवरच्या मृत्यूची अडचण झटकून टाकली नाही. पंपाच्या पाण्याने दूरच्या कोणाला रोग झालाच असेल, तर त्या भागातल्या हवेतला दोष त्या अशुद्ध पाण्यात उतरला असेल, असा अर्थ तिने लावला. म्हणजे पाणीसुद्धा हवेनेच बिघडलं! हसू नका. यात तुमच्या निबंधाचा गाभा आहे: हवेचा सिद्धान्त इतका लवचिक होता, की कुठलाही अपवाद त्याच्या पोटात मावत होता.

मग असा कुठला पुरावा असेल जो पोटात मावणार नाही? स्नोच्याच पुस्तकात तो आहे, ब्रॉड स्ट्रीटच्या पुढे. दक्षिण लंडनमध्ये दोन खासगी कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यातून, कित्येकदा शेजारशेजारच्या घरांत गेलेले. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी उचलायची जागा नदीत वर, शहराच्या सांडपाण्याच्या पलीकडे हलवली. साऊथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी शहरातलंच पाणी देत राहिली. १८५४ च्या साथीत दर १०,००० घरांमागे मृत्यू: साऊथवर्क अँड वॉक्सहॉलच्या घरांत ३१५, लॅम्बेथच्या घरांत ३७. हवा तीच, गल्ली तीच, श्रीमंत-गरीब दोन्हीकडे. बहुतेकांना आपल्याकडे कुठल्या कंपनीचं पाणी येतं हेही ठाऊक नव्हतं.

आता प्रतिपाद्याचं चौथं रूप: 'ब्रॉड स्ट्रीटचा पुरावा आज जरी निर्णायक वाटत असला तरी तो हवेच्या सिद्धान्ताला हरवू शकत नव्हता, कारण त्यातल्या प्रत्येक अपवादाला हवेच्या भाषेत उत्तर देता येत होतं; उलट दोन कंपन्यांची तुलना वेगळ्या जातीची होती, कारण तिथे हवा दोन्हीकडे सारखी होती.'

या वाक्यात 'जरी... तरी... कारण' असा सांगाडा आहे. तो मुद्दाम ठेवलाय. 'जरी'मध्ये समोरच्याचं खरं म्हणणं येतं, 'तरी'मध्ये तुमचं, 'कारण'मध्ये तुमच्या निबंधाचा आराखडा. पहिल्या मसुद्यापुरता हा सांगाडा कामाचा आहे. शेवटच्या मसुद्यात तो असाच उघडा ठेवलात तर मात्र साच्यातून काढल्यासारखा दिसतो.

इथे थांबायचं का? माझा अनुभव सांगतो, अजून एकदा तपासा. जॉन सायमन या वैद्यकीय अधिकाऱ्याचा १८५६ चा सरकारी अहवाल याच दोन कंपन्यांवर आहे. दूषित पाण्याने मृत्यू वाढतात हे त्यातून पुढे आलं. पण रोगाचं बीजच पाण्यातून येतं, ही स्नोची पायरी त्यात चढलेली नाही. म्हणजे तुमच्या चौथ्या रूपातलं 'वेगळ्या जातीची' हे फार मोठं विधान झालं. दोन दावे वेगळे करावे लागतील: 'पाण्याचा संबंध आहे' हा एक, आणि 'पाणीच रोग वाहून आणतं' हा दुसरा. दोन कंपन्यांच्या तुलनेने पहिला मान्य करायला लावला, दुसरा नाही. हे कळल्यावर वाक्य पुन्हा हलेल. हलू द्या. पाचवं रूप तुम्ही लिहा, मी लिहिलं तर निबंध माझा होईल.

बदलत गेलेलं प्रतिपाद्य पाहून विद्यार्थी घाबरतात: 'म्हणजे आधीचं वाचन वाया गेलं?' नाही. प्रत्येक रूपाने पुढचं काय वाचायचं ते सांगितलं. ज्यांचं पहिल्या दिवशी ठरलेलं वाक्य शेवटपर्यंत तसंच राहतं, त्यांनी बहुधा त्या वाक्याला सोयीचं तेवढंच वाचलेलं असतं.

वाक्य तपासायला मी परदेशी हस्तपुस्तिकांपेक्षा आपल्याच परंपरेतली एक जुनी फूटपट्टी वापरतो. लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष: अव्याप्ती, अतिव्याप्ती, असंभव. मूळ उपयोग व्याख्या तपासण्याचा, पण प्रतिपाद्यालाही ती चपखल लागते. 'एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञ नव्या पुराव्याला विरोध करत' ही अतिव्याप्ती; एका समितीवरून शतकावर उडी. 'समितीने स्नोला नाकारलं कारण एका सदस्याचं त्याच्याशी पटत नव्हतं' असं कोणी म्हटलं तर ती अव्याप्ती. बाकीच्या सदस्यांचं काय? 'समितीला जंतू ठाऊक असूनही तिने दुर्लक्ष केलं' हा असंभव, कारण रॉबर्ट कॉखचं कॉलऱ्याच्या जिवाणूवरचं काम १८८३-८४ मधलं आहे. (इटलीत पाचिनीने १८५४ मध्येच तो जिवाणू पाहिला होता, पण त्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. हा तपशील मोहक आहे. तुमच्या निबंधात त्याला तळटीपेपेक्षा जास्त जागा देऊ नका.)

मांडणीच्या क्रमासाठीही दूर जायला नको. मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, एखाद्या मुद्द्याची चर्चा पाच अंगांनी होते: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, निर्णय. तुमच्या निबंधात 'विषय' होता आणि थेट 'निर्णय' होता. मधली तीन अंगं गायब होती. पूर्वपक्ष म्हणजे 'काही लोक असेही म्हणतात' असं एक लाजरं वाक्य नव्हे. तो प्रतिपक्षाला ऐकून समाधान वाटेल इतक्या ताकदीने मांडायचा. समितीची बाजू अशी लिहा, की वाचकाला क्षणभर वाटावं, मी असतो तर मीही नाकारलं असतं. मगच उत्तरपक्षाला वजन येतं. या कथेतच तसा एक वाचक आहे: हेन्री व्हाइटहेड, तिथला तरुण पाद्री. स्नोचं म्हणणं खोटं पाडायला तो घरोघर फिरला आणि स्वतःच्याच चौकशीने त्याचं मत बदललं. ब्रॉड स्ट्रीटवरच्या ४० क्रमांकाच्या घरात एक बाळ आजारी होतं आणि त्याचे कपडे धुतलेलं पाणी पंपाच्या विहिरीलगतच्या शोषखड्ड्यात गेलं, हा दुवा त्यानेच शोधला. निबंध लिहिताना हा व्हाइटहेड समोर बसला आहे असं धरा. सगळ्यात उपयोगी वाचक तोच, जो तुम्हाला खोडायला आला आहे आणि तरीही प्रामाणिक आहे.

वाचनाबद्दल थोडक्यात, कारण यावर सगळेच बोलतात. ज्ञानकोश आणि प्रस्तावनावजा पुस्तकं दोन दिवस, फक्त विषयाचा आवाका डोक्यात बसण्यासाठी. त्यांचा हवाला द्यायचा नाही. मग विषयावरचे अलीकडचे एक-दोन चांगले लेख घ्यायचे आणि त्यांच्या तळटीपांचा माग मागे काढत मूळ कागदांपर्यंत जायचं. त्याच लेखांचा हवाला पुढे कोणी दिला हेही शोधायचं. सगळं पहिल्या पानापासून वाचू नका. सुरुवात, शेवट, आणि मग लागेल तो मधला भाग. तळटीपांत तीच तीच नावं दिसू लागली, की वाचन पुरेसं झालं. टिपण काढताना उतारा अवतरणचिन्हांत आणि पानाचा क्रमांक त्याच क्षणी. स्वतःचा विचार वेगळ्या रंगात. उसन्या मजकुराची निम्मी प्रकरणं लबाडीची नसतात. तीन आठवड्यांनी स्वतःच्याच वहीत हे वाक्य माझं की त्याचं हे न ओळखल्याची असतात. आणि संगणकावरच्या संभाषण-यंत्रांनी दिलेला संदर्भ मूळ जागी जाऊन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वापरू नका. ती अस्तित्वात नसलेले लेखही फार आत्मविश्वासाने सांगतात.

लिहिण्याबद्दल मात्र एक गोष्ट सविस्तर सांगायची आहे.

विद्यार्थी असताना मी चौदा पानांचा निबंध दिला होता. सरांनी तेरा पानांवर काहीच लिहिलं नाही. चौदाव्या पानावरच्या शेवटच्या परिच्छेदाभोवती गोल काढला आणि लिहिलं, 'इथून सुरू करा.' मला राग आला, मग आठवड्याने कळलं. पहिला मसुदा आपण आपल्याला काय वाटतं ते शोधण्यासाठी लिहितो, आणि ते सापडतं लिहून दमल्यावर, शेवटी. तेव्हा पहिला मसुदा संपला की शेवटच्या पानावर तुमचं खरं वाक्य शोधा, ते उचलून पहिल्या पानावर आणा, आणि नवा निबंध लिहा. डागडुजी नको. जुन्या मसुद्यातले परिच्छेद नव्यात चिकटवले की ते जुन्याच दिशेने तोंड करून उभे राहतात.

दुसऱ्या मसुद्यानंतर उलटा आराखडा करा. प्रत्येक परिच्छेद वाचून समासात लिहा, तो काय करतो. काय सांगतो ते नव्हे, काय करतो ते. 'वर्कहाऊसची माहिती' हे सांगणं झालं. 'हवा तीच, पाणी वेगळं, असा पुरावा देतो' हे करणं झालं. जिथे तुम्हाला 'माहिती देतो' याखेरीज काही लिहिता येत नाही तो परिच्छेद वर्णन आहे. तुमच्या मार्गदर्शकांनी मारलेला शेरा असा तुम्हीच तुमच्यावर मारू शकता, आणि सादर करण्याआधी. मग नुसती परिच्छेदांची पहिली वाक्यं सलग वाचा. ती 'त्यानंतर', 'पुढे', 'तसेच' अशी सुरू होत असतील तर तुम्ही घटनाक्रम लिहिताय. 'पण', 'म्हणूनच', 'हे मान्य केलं तरी' असे सांधे दिसू लागले की युक्तिवाद चालू झाला.

प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा. 'प्राचीन काळापासून मानव रोगांशी झुंजत आला आहे' हे वाक्य ज्या निबंधाच्या सुरुवातीला असतं तो मी थकलेल्या मनाने उघडतो. तुमच्याकडे तर तयार सुरुवात आहे: हँडल काढल्याने साथ थांबली की नाही, हे स्नोलाच खात्रीने सांगता येत नव्हतं. पहिलं वाक्य तिथून. उपसंहारात आधीचं पुन्हा सांगू नका. तुमचं म्हणणं खरं असेल तर आणखी कशाकडे वेगळ्या नजरेने बघावं लागेल, एवढं सांगा आणि उठा.

चार आठवड्यांचा हिशेब माझ्या मते असा. पहिल्या आठवड्यात मूळ कागद, म्हणजे स्नोची १८५५ ची आवृत्ती, समितीचा अहवाल आणि सायमनचा अहवाल. तुमच्या आवडत्या चरित्रग्रंथाला या आठवड्यात हात लावू नका. दुसऱ्यात पहिला मसुदा, वाईट असला तरी पूर्ण. तिसऱ्यात तो बाजूला ठेवून नव्याने लेखन. चौथ्यात उलटा आराखडा, भाषा, आणि एक अख्खा दिवस फक्त तळटीपांसाठी. त्यांना नेहमी ठरवल्याच्या दुप्पट वेळ लागतो.

एक तळटीप माझ्या उत्तरालाही. विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या अहवालात प्रतिपाद्याची जागा गृहीतक घेतं आणि मांडणीचा साचा ठरलेला असतो. तिथे पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची नाट्यमयता चालत नाही. तुमचा निबंध इतिहासाचा आहे म्हणून इतकं बोललो.

मार्गदर्शकांना पुन्हा भेटाल तेव्हा सुधारलेली पाच पानं नेऊ नका, ते फक्त शुद्धलेखनच तपासतील. एका कागदावर पाचवं रूप लिहून न्या, आणि त्याखाली ते वाक्य अडचणीत आणणारी एक नोंद, पानाच्या क्रमांकासकट.